हवेचा घाम

आमच्या वाडीच्या विहिरीला निजामी फसली तेराशे सेहेचाळीस साली, म्हणजे इंग्रजी छत्तीस-सदतीस साली, पाणी लागलं. कागदावर लागलं, आणि कागदाखाली सही माझी आहे, त्यामुळे मला पक्कं ठाऊक आहे. त्या साली जहागीरदारसाहेब दौऱ्यावर यायचे होते. त्यांना अपुरी कामं पाहवत नसत, म्हणून कचेरीनं ती सगळी आठ दिवसांत पुरी करायला सांगितली होती. मी जहागिरीचा पेशकार, म्हणजे कागदपत्रं लिहिणारा. हैदराबादेत बी. ए. झालेला माणूस आठ दिवसांत जे पुरं करू शकतो, ते मी केलं.

विहीर मात्र होती तशीच राहिली. वर मुरूम, खाली काळा पाषाण. सात परस, म्हणजे सात माणसं हात वर करून एकावर एक उभी राहतील एवढी खोल, आणि तळाला धूळ. त्या पाषाणावर इरप्पा रोज छिन्नी मारायचा. धनगराचा माणूस, मेंढरं संपल्यावर विहिरीच्या कामाला लागलेला. आठवड्याकाठी चार बोटं दगड निघायचा. वाडी चिंताकी आणि संतपूरच्या मध्ये कुठंतरी आहे, नकाशात नाही. उन्हाळ्यात तिथल्या बाया ओढ्यात झिरे खणून वाटीवाटीनं घागर भरतात. एका घागरीला एक सकाळ लागते.

दोन वर्षांनी, अशाच एका उन्हाळ्याच्या तोंडाला, इरप्पाचा धाकटा भाऊ पिराप्पा परत आला. सतराव्या वर्षी तो एका पहाटे मुंबईला पळाला होता. दोन भावांनी राखायचा कळप त्यानं एका भावाच्या गळ्यात टाकला होता. एकट्या इरप्पाला तो राखता आला नाही. काही लांडग्यांनी नेला, उरलेला रोगानं. चौदा वर्षांनी धाकटा दारात उभा राहिला तेव्हा इरप्पा म्हणाला, "जेवलास का?" दुसरं काही विचारलं नाही. पिराप्पानं मला नंतर सांगितलं, की दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

चौदा वर्षं हा गडी करत काय होता, ते ऐकायला संध्याकाळी सगळी चावडी जमली. हणमंतराव पाटलांनी पान जुळवत विचारलं,

"जहाजावर काय करायचास रं?"

"तेलवाला होतो पाटील. इंजनाच्या खोलीत, हवेच्या यंत्रावर."

"समुद्रावर हवा कमी पडती व्हय?"

लोक हसले. पिराप्पाही हसला. मग त्यानं जमिनीवर बोटानं जहाज काढलं.

"आमचं जहाज तेलाचं होतं, कोळशाचं न्हाई. त्याचं इंजन ह्या चावडीयेवढं. हातानं कोण फिरवणार? मग दाबून ठेवलेली हवा सोडायची. हवा दट्ट्याला ढकलती, चाक फिरतं, अन् मगच आतलं तेल पेट घेतं. बंदरात शिरताना कप्तान घडीघडीला थांबव म्हणतो, चालव म्हणतो, मागं घे म्हणतो. दर खेपेला हवा. भोंगा वाजवायचाय, हवा. नळीत कचरा अडकलाय, हवा."

"अन् दाबायची कशी? पाय देऊन?"

"सायकलीच्या पंपावाणी. पंप मारताना बुडाला तापतो का न्हाई? हवा दाबली की तापती. एकदा दाबायची, गार करायची, पुन्ना दाबायची, पुन्ना गार करायची, मग लोखंडी बाटलीत कोंडायची. बाटली माणसाहून उंच. गार झाली की हवा घाम सोडती. तो बाटलीच्या बुडाला साचतो. दर चार घंट्याला खालची चावी फिरवून तो काढून टाकायचा, न्हाईतर नळ्यांत शिरून घात करतो."

"घाम म्हंजी?" पाटलांचं पान हातातच राहिलं.

"पाणी."

 मघापासून हसणारी माणसं आता पिराप्पाच्या तोंडाकडं बघत होती.

"किती निघतं?" कुणीतरी मागून विचारलं.

"तांब्याभर. दमट हवा असली तर दोन तांबे. तेलकट असतं, पिता येत न्हाई."

त्याचं शेवटचं वाक्य किती जणांनी ऐकलं, ते मला सांगता येणार नाही. मी ऐकलं होतं.

पिराप्पाच्या डोक्यात पाण्याचं काहीच नव्हतं. त्याचं जहाज मुंबईला मोडीत निघालं होतं. त्यावरचं हवेचं यंत्र, ते चालवणारं लहान तेलाचं इंजन आणि एक बाटली असा सगळा जोड मोडीच्या वखारीत पडून होता. हवेवर चालणारी पहार असते, तिनं पाषाणाला हातभर खोल भोक तासाभरात पडतं, त्यात सुरुंगाची दारू ठासता येते. आणि सुरुंग उडाल्यावर विहिरीत कोंडलेला विषारी धूर नळीनं हवा सोडून हुसकता येतो. "अण्णाला जे दोन वर्षांत झालं न्हाई, ते दोन महिन्यांत व्हईल," तो मला म्हणाला. "आखितीपतुर पाणी लावून देतो. मग अण्णानं छिन्नी धरायची न्हाई. मेंढरं घेऊन देतो त्याला."

मी म्हटलं, अर्ज करू. मग आठवलं, की अर्ज करता येत नाही. विहिरीला दोन वर्षांपूर्वीच पाणी लागलं होतं. पाण्यानं भरलेली विहीर फोडायला यंत्र कोण मंजूर करणार?

तेव्हा मी जमाखर्चाची सदरं चाळली. 'नवे तजुर्बे', म्हणजे नवे प्रयोग, या सदरात काही रक्कम कित्येक वर्षं पडून होती, कारण जहागिरीत नवं काही घडत नसे. मी पिराप्पाला विचारलं, "यंत्रातून पाणी निघतं ना?"

"निघतं की. पर तांब्याभर, पेशकारसाब. ते बी टाकून द्यायचं."

"निघतं की नाही, एवढंच कचेरी विचारते."

आणि मी अस्खलित उर्दूत अर्ज लिहिला: हवेतून पाणी काढण्याचं यंत्र. विहिरीची मंजुरी यायला चार वर्षं लागली होती. ही एकोणीस दिवसांत आली. अट एकच होती. आखितीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, पाणी दिसलं नाही, तर यंत्र हवेलीच्या बागेत कारंज्यासाठी जमा व्हायचं.

नियमाप्रमाणे हुकूम दवंडी पिटून वाचावा लागतो. मी वाचला. हवेतून पाणी काढण्याचं यंत्र येत आहे, होऽऽ! पोरं नाचली. पिराप्पा मात्र माझ्या मागं लागला.

"पेशकारसाब, हे कागदापुरतं हाय असं लोकांना सांगून टाका."

"कचेरीच्या कानावर गेलं तर?"

"पर बाया खरं धरायल्यात की."

"एकदा विहिरीला पाणी लागू दे. मग ते कुठून आलं, हे कोण विचारतंय?"

हे मी बी. ए.च्या अकलेनं म्हटलं होतं.

यंत्र मुंबईहून बिदरपर्यंत रेल्वेनं आलं. बाटली तिथूनच भरून आणली होती. वाटेत जकात नाक्यावर मुन्शी आडवा आला.

"इसमें क्या है?"

"हवा," पिराप्पा म्हणाला.

"कहाँ की?"

"मुंबईची."

मुन्शीच्या यादीत हवा नव्हती. तो म्हणाला, उघडून दाखवा. पिराप्पा चावीवर अक्षरशः आडवा पडला. हवा दाबणारं यंत्र इंजनावर चालतं, पण ते इंजनही बाटलीतल्या हवेनंच सुरू होतं. बाटली एकदा रिकामी झाली, की सगळा जोड नुसतं लोखंड. जहाजावर बाटली रिकामी ठेवणाऱ्याला बंदरात उतरवतात, म्हणे. शेवटी मी पावतीवर 'रिकामी बाटली' असं लिहवलं. मुन्शीचं समाधान झालं. माझ्या हातून खोटं लिहून कुणाचं भलं झाल्याची तेवढी एकच वेळ.

चार बैलगाड्यांतून ते लोखंड वाडीत आलं. सुरुंगाचे दगड लागू नयेत म्हणून विहिरीपासून शंभर पावलांवर पत्र्याची पडवी घातली. तिच्या दारापासून विहिरीपर्यंत नळी टाकली. कामाला आखून दिल्यासारखी चाल आली. दिवसभर पहार चालायची. दुसऱ्या सकाळी दारू ठासायची, पिराप्पानं वात पेटवायची, सगळ्यांनी पळायचं. आवाज झाला, की इरप्पा नळीचं तोंड हातात धरून, श्वास रोखून, विहिरीत अर्ध्यावर उतरायचा. तिथं पाय टेकण्याजोगा दगडाचा एक कंगोरा होता. कंगोऱ्यावरनं तो ओरडायचा, "सोड!" काठावरचे पाटील पंचा हलवायचे, पडवीतला पिराप्पा चावी फिरवायचा, आणि हवेचा झोत धूर वर ढकलायला लागायचा. तो अंगावर घेत इरप्पा तळाला जायचा. पहिले दोन दिवस कमरेला दोर बांधला होता. मग तो नळीत अडकतो म्हणून सोडला.

पाषाण हातहातभर निघू लागला. खालचा दगड गार लागायलाय, असं इरप्पा सांगू लागला. तो वर यायचा तेव्हा डोक्यापासून पायापर्यंत राखाडी असायचा. दगडाची भुकटी घामात कालवून अंगावर थापलेली. धुवायला पाणी नव्हतं. बायको नागूबाई फडक्यानं पुसायची. भुकटीनं कातडी चिरली होती, त्यामुळे पुसताना तो शिव्या द्यायचा. फडक्याला.

"आखितीला अंघोळ करीन," तो म्हणायचा. "ह्याच हिरीच्या पाण्यानं. तवर हात लावू नगं."

पिराप्पा रोज सकाळी बाटलीच्या बुडाची चावी फिरवायचा. फुस्स करून हवेबरोबर गढूळ पाणी यायचं. तांब्याभर. कोरडी हवा आली की चावी बंद, आणि तांब्या उकिरड्यावर. हे नागूबाई रोज बघायची. दवंडी तिनं पहिल्या रांगेत बसून ऐकली होती. एके दिवशी तिला राहवलं नाही.

"भावजी, पाणी सांडायलाव कामून?"

"ते कामाचं न्हाई वैनी. तेलकट हाय."

"अंगावर घ्यायला तर चालंल?"

"एवढ्याशानं काय व्हतंय?"

"तुम्ही लगी बंद करताव, मग एवढंसंच निघणार की!"

पिराप्पा हसला, आणि इंजनाकडं गेला. मी तिथंच होतो. नव्या तजुर्ब्याचा अहवाल म्हणून रोज निघालेलं पाणी मी वहीत मांडत असे. वैनी, हवेत एवढंच पाणी असतं, दवंडीतलं खोटं आहे, असं तिला सांगायला मला अर्धं मिनिट लागलं असतं. मी वहीत 'एक तांब्या' लिहिलं.

आखितीला दोन दिवस राहिले असताना मोठा सुरुंग भरला. हा लागला तर पाणी, असं इरप्पा रात्रीच म्हणाला होता. पिराप्पानं सकाळी बाटलीवरचा दाबाचा काटा बघितला. भरलेली. दोघं भाऊ दारू ठासायला विहिरीवर गेले. बाया-पोरांना लांब लिंबाखाली बसवलं. ठासायला तास-दीड तास गेला. इंजन बंद होतं. पडवीतनं बारीक फुसफुस येत होती; पण ते यंत्र आल्यापासून कुठून ना कुठून फुसफुसतच होतं, कुणी कान दिला नाही.

सुरुंग उडाला. मुठीएवढे दगड आभाळात गेले. धूर विहिरीच्या तोंडाशी येऊन थांबला, जसा रोज थांबायचा. पिराप्पा आणि मी पडवीच्या दाराशी येऊन उभे राहिलो. तिकडं इरप्पा नळी घेऊन उतरला. कंगोऱ्यावरनं त्याची हाक आम्हाला ऐकू आली नाही, पण पाटलांचा पंचा हलला. पिराप्पानं चावी फिरवली.

नळी ताठ झाली. एक श्वास घ्यावा एवढा वेळ ताठ राहिली, आणि मेलेल्या सापासारखी पसरली.

पिराप्पानं काट्याकडं बघितलं. काटा तळाला टेकला होता. तो बाटलीमागं धावला, मागोमाग मी. तिथं नागूबाई उकिडवी बसली होती. पुढ्यात घागर. बुडाची चावी थोडीशी किलकिली, आणि तिच्यातून शेवटची हवा थुंकीसारखी फुरफुरत होती.

"बघा भावजी," ती म्हणाली, "रोज तुम्ही किती सांडत व्हताव! ह्यांच्या अंघोळीपुरतं साठलं. आता धार बारीक कामून झाली?"

पिराप्पानं चावी बंद केली. का केली, कुणास ठाऊक, हाताची सवय. मग तो विहिरीकडं पळत सुटला. "वर! वर घ्या!" एवढंच ओरडत होता.

रोज झोत यायचा. आजही आला होता. त्या एका श्वासापुरता. तो तोंडावर घेऊन इरप्पा कंगोरा सोडून खाली गेला होता. कमरेला दोर नव्हता. पिराप्पा तोंडाला ओला पंचा बांधून उतरला. पंचा ओला करायला पाणी नव्हतं, पाटलांनी प्यायचा तांब्या ओतला. दोनदा त्याला अर्ध्यावरनं परत यावं लागलं. तिसऱ्यांदा त्यानं भावाच्या काखेतनं दोर घातला आणि आम्ही दोघांनाही ओढून काढलं. एक जिवंत होता.

इरप्पा विहिरीच्या काठावर पडला होता, डोक्यापासून पायापर्यंत राखाडी. चेहऱ्यावर कुठं खरचटलेलंही नव्हतं. पाटील त्याला हाका मारत राहिले. "इरप्पा! लेका, ऊठ की! आखिती हाय परवा!" मग त्यांनी पागोटं काढलं.

नागूबाई आली. पाठीमागं कुणीतरी तिची घागर घेऊन येत होतं. तिनं पहिल्यांदा पिराप्पाकडं बघितलं.

"हवा कामून न्हाई सोडलात भावजी?"

पिराप्पाला खोकल्याची उबळ आली होती. ती सरेपर्यंत सगळे थांबले. सांगायचं ते मलाही ठाऊक होतं, पण मी तोंड उघडलं असतं तर सुरुवात दवंडीपासून करावी लागली असती.

"बाटली भरायची राहिली व्हती, वैनी," पिराप्पा म्हणाला. "राती भरायला पायजे व्हती. मी भरली न्हाई."

नागूबाईनं त्याच्या थोबाडीत मारली. एक. मग दुसरी. तो हलला नाही.

माणसाला अंघोळीशिवाय नेता येत नाही. ओढ्याचे झिरे सकाळीच उपसले गेले होते, पुन्हा पाझरायला दिवस मावळला असता, आणि वाडीत कुणाच्या घरी घोटाच्या वर पाणी नव्हतं. कुणीतरी घागरीकडं बघितलं. बुडाला चार बोटं पाणी होतं, वर तेलाचा रंगीत तवंग. एका बाईनं लुगड्याच्या पदरातनं ते गाळलं. पिराप्पा मान खाली घालून बसला होता, त्याला विचारलं, चालंल का? तो म्हणाला, "चालंल."

दगडाची भुकटी पटकन निघत नाही. पाणी जपून वापरावं लागलं.

त्या सुरुंगानं पाषाण फुटला होता. आखितीच्या दिवशी विहिरीत घोटाभर पाणी दिसलं, आठ दिवसांत गुडघाभर झालं. गोड पाणी आहे. कागदावर त्याची नोंद करता येईना, कारण ते दोन वर्षांपूर्वीच लागलं होतं. नागूबाई अजून ओढ्यावर जाते. एका घागरीला एक सकाळ.

चौकशीत पिराप्पानं माझ्यासमोर अंगठा उठवला: बाटली मी रिकामी ठेवली. लिहून घेताना मी एकदा त्याच्याकडं बघितलं.

"खरं लिहू का?" मी विचारलं.

"तुमच्यानं व्हईल व्हय?" तो म्हणाला.

त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. त्याला खरंच माहीत करून घ्यायचं होतं. मी कागदावर टीपकागद दाबला.

पावसाळ्याच्या आत तो वाडीतून गेला. पुन्हा जहाजावर गेला म्हणतात. बाटली रिकामी ठेवणारा माणूस, असं त्याच्याबद्दल गावात आजही बोलतात, आणि नागूबाईदेखील बोलते. मी तिथं असलो तर ऐकतो. यंत्र अटीप्रमाणं हवेलीच्या बागेत गेलं. बाटलीत हवा नसल्यामुळं ते सुरू झालं नाही. त्याच्यावर आता जाई चढवली आहे.

दिवाळीच्या सुमारास कचेरीचं पत्र आलं. नव्या तजुर्ब्याचं सदर बंद करायचं होतं. इसमाच्या मृत्यूबद्दल वेगळ्या कागदावर कळवावं. या कागदावर फक्त तजुर्ब्याचं फळ लिहावं. रोजचे तांबे फेकून दिले होते, तेव्हा ते धरायचे नाहीत. हवेतून उपयोगी असं पाणी एकूण किती निघालं?

मी बराच वेळ दौत ढवळत बसलो. मग त्या रकान्यात, आयुष्यात पहिल्यांदाच, जसं झालं तसं लिहिलं:

एका माणसाच्या अंघोळीपुरतं.